एदुआर्द लुकास : टॉवर ऑफ हनोईवाला मास्तर

डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला रिकर्शन आलं की टॉवर ऑफ हनोई आलंच! तीन खांब, चकत्या आणि व्हायवाचा ठरलेला प्रश्न. ६४ चकत्यांना चाली किती? उत्तर, २ चा ६४ वा घात वजा १. हे खेळणं १८८३ मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्यावर एन. क्लॉस द सियाम असं नाव होतं. अक्षरं उलटीसुलटी केली की होतं लुकास द आमियाँ. म्हणजे आमियाँ गावचा लुकास.

लुकासचा जन्म १८४२ चा, फ्रान्समधला. शिक्षणानंतर पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, मग १८७०-७१ च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी. त्यानंतर आयुष्यभर शाळामास्तर. आपल्या भाषेत सांगायचं तर अकरावी-बारावीची पोरं शिकवणारा माणूस. युनिव्हर्सिटी नाही, लॅब नाही.

पण डोक्यात मूळ संख्या होत्या. मर्सेन नावाच्या धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी दिली होती : २ च्या अमुक घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते. यादीत ६७ पण होता आणि १२७ पण. तपासणार कसं? १२७ वाली संख्या ३९ अंकी आहे. एकेका संख्येने भागत बसलो तर जन्म पुरायचा नाही. लुकासने भागाकारच टाळला. त्याच्या पद्धतीचं आजचं रूप असं : ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या, पुन्हा तेच. ३१ साठी बघा. ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी शून्य. शून्य आलं, ३१ मूळ! १२७ व्या घातासाठी हेच १२५ वेळा, ३९ अंकी आकड्यांवर. कॅल्क्युलेटर नाही, हातानेच!

१८७६ मध्ये त्याने जाहीर केलं की १२७ वाली मूळ आहे आणि ६७ वाली नाही. गंमत म्हणजे ६७ वालीचा एकही अवयव त्याला माहीत नव्हता. ते १९०३ मध्ये कोल नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने काढले. लुकासच्या सिद्धतेत कच्च्या जागा होत्या हेही खरं. त्या पुढे लेमरने भरल्या, म्हणून आज टेस्टला दोघांचं नाव आहे.

ते बघायला लुकास नव्हता. १८९१ मध्ये मार्सेयला विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वेटरच्या हातून बशा पडल्या आणि एक तुकडा उडून त्याच्या गालाला लागला. जखम चिघळली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. वय ४९. मनोरंजक गणितावरच्या त्याच्या पुस्तकाचे शेवटचे दोन खंड नंतर छापले गेले.

सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या हा त्याचा रेकॉर्ड १९५१ पर्यंत टिकला, म्हणजे ७५ वर्षं. १९५२ च्या जानेवारीत स्वॅक नावाच्या संगणकाने ५२१ आणि ६०७ वाल्या संख्या एकाच रात्रीत काढल्या. टेस्ट लुकासचीच होती.