बॅरिस्टर बाबासाहेब



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायची म्हटली की परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लेख आलाच. घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आपल्या लेकराबाळांनाही ठाऊक आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात त्यांनी आपल्याला धम्म दिला, हेही कुणाला सांगावं लागत नाही. पण फौजदारी कोर्टात आरोपीच्या बाजूनं उभे राहणारे बॅरिस्टर बाबासाहेब आपल्या वस्तीत कमी माहीत आहेत. म्हणून आम्ही यंदा त्यांच्या वकिलीवर लिहायचं ठरवलं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. मुंबईत बी.ए. झाल्यावर ते अमेरिकेत शिकले. १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत नाव घातलं. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा जमवला, १९२० ला पुन्हा लंडन गाठलं आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले.

तिकडे इंग्लंडात बॅरिस्टर सहसा एकटा बसत नाही. अनेक जण मिळून एक चेंबर चालवतात, कारकून सामाईक ठेवतात, नवख्याला जुना शिकवतो. लंडनबाहेर मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स अशा शहरांतही चेंबरं आहेत. त्यातली काही फौजदारी कामातच मुरलेली. तिथल्या वकिलाला आपला मुलूख, आपली माणसं, आपलं कोर्ट माहीत असतं. हेच त्याचं खरं बळ.

बाबासाहेबांना असं तयार चेंबर कोण देणार? १९२३ ला ते परतले तेव्हा सनद काढायलाही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं मदत केली. जुलैत मुंबई हायकोर्टात वकिली सुरू झाली. हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार सॉलिसिटरमार्फत येई, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. विद्वत्ता एवढी, पण जात आडवी आली. मग बाबासाहेबांनी अपिलाची कामं आणि जिल्ह्याच्या कोर्टांतले खटले घेतले. संसार चालवायला १९२५ पासून बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला.

परळचं दामोदर हॉल हेच त्यांचं चेंबर झालं. तिथं गिरणीतला मजूर यायचा, खेड्यातून गांजलेला माणूस यायचा. दुसऱ्या वकिलाकडे ज्याला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे, तो इथं आत येऊन आपलं गाऱ्हाणं सांगे. गरिबाच्या फीसाठी बाबासाहेब अडून बसले नाहीत.

१९२६ चा पुण्याचा खटला गाजला. दिनकरराव जवळकरांच्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून अब्रुनुकसानीची फिर्याद झाली होती. जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि मुद्रक रामचंद्र लाड यांना खालच्या कोर्टात शिक्षा लागली. हे आरोपी ब्राह्मणेतर चळवळीचे. अपिलात बाबासाहेब पुण्याच्या सेशन्स कोर्टात उभे राहिले आणि सगळे निर्दोष सुटले. तेव्हापासून वकील म्हणून त्यांचं नाव झालं.

पण सगळेच खटले काही जिंकले नाहीत. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. समाज कर्व्यांच्या विरोधात होता. तरी बाबासाहेबांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. लोकांना न आवडणाऱ्या माणसालाही वकील मिळालाच पाहिजे, हे या हरलेल्या खटल्यातून आम्ही शिकतो.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा दिवाणी होता. डिसेंबर १९२७ ला तो सुरू झाला आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपल्या बाजूनं संपला. तळ्याचं पाणी सत्याग्रहानं चाखलं, हक्क मात्र कोर्टात जवळजवळ दहा वर्षं झगडून पक्का केला. रस्ता आणि कोर्ट, दोन्ही बाबासाहेबांनी सोडलं नाही.

या वकिलीचा अनुभव पुढं सगळ्या देशाच्या कामी आला. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीत अटकेतल्या माणसाच्या हक्कांचं कलम बाबासाहेबांनी स्वतः मांडलं. तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, आपल्या पसंतीचा वकील करू दिला पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला यातले नियम वेगळे, पण एरवी हा हक्क सर्वांचा.

आता आपल्या घरचं बोलू. पोरगं पोलिसांनी नेलं की आई-बाप घाबरतात. कुणी दलाल भेटतो, अंगावरचं किडूकमिडूक विकून पैसे भरले जातात. तसं करू नका. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्यात महिला, कोठडीतली माणसं आणि अनुसूचित जातींचे लोक यांना मोफत वकिलाचा हक्क आहे. १९९० पासून अनुसूचित जातीत बौद्धही धरले जातात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज केला तरी चालतो. जातीचा दाखला जवळ ठेवा, न वाचता कागदावर सही करू नका.

आणि जरीपटक्यातल्या शिकलेल्या पोरापोरींनो, डॉक्टर-इंजिनीयर जरूर व्हा, पण तुमच्यातून फौजदारी वकीलही निघू द्या. चार जणांनी मिळून वस्तीत एक कचेरी थाटा. आपली भाषा, आपली गल्ली जाणणारा वकील गरिबाला पहिल्याच दिवशी भेटला, तर अर्धी भीती तिथंच जाते. दामोदर हॉलचं दार उघडं होतं, तसं एक दार आपल्याकडेही उघडं राहावं, हीच आमची इच्छा.

जय भीम! नमो बुद्धाय!