आईच्या आठवणीतला बुधवार

कार्ल फ्रीडरिश गाउस हे नाव मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात येतं. जर्मनीतला हा थोर गणिती १८५५ साली वारला. मला मात्र त्याची गोष्ट त्याच्या आईपासून सांगावीशी वाटते.

डोरोथिया ही पाथरवटाची मुलगी. लग्नाआधी लोकांकडे घरकाम करायची. लिहिता येत नसल्यामुळे मुलाची जन्मतारीख तिने टिपलेली नव्हती. बुधवार होता आणि येशूच्या स्वर्गारोहणाचा सण बरोबर आठ दिवसांनी होता, एवढंच तिला आठवे. आपल्या आज्या नाही का, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालास म्हणून सांगायच्या! तो सण ईस्टरवर ठरतो आणि ईस्टर चंद्रावर, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. गाउसने मोठेपणी ईस्टर काढायची रीत बसवली. त्या हिशेबाने त्याची तारीख निघाली ३० एप्रिल १७७७.

मुलाने हाताला काम धरावं, असं वडिलांचं म्हणणं. शिक्षणासाठी आईच पाठीशी उभी राहिली.

अर्धवट माहितीतून पूर्ण उत्तर काढायची वेळ पुढे पुन्हा आली. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत १ जानेवारी १८०१ ला पियाझ्झी या धर्मगुरूला एक नवा फिरता ठिपका दिसला. तो सेरेस, आज त्याला बटुग्रह म्हणतात. ४१ दिवसांत जमतील तेवढ्या नोंदी झाल्या. मग पियाझ्झी आजारी पडला आणि सेरेसही सूर्याच्या तेजात हरवला. सेरेसची एक फेरी साडेचार वर्षांहून मोठी. हाती होता तिचा जेमतेम चाळिसावा हिस्सा. अगदी शितावरून भाताची परीक्षा! शिवाय प्रत्येक नोंदीत थोडी चूक असणारच.

गाउस तेव्हा २४ वर्षांचा. ग्रह कसे फिरतात तो नियम ठाऊक होता. शोधायचे होते ते सहा आकडे: कक्षा केवढी, किती लांबट, किती कललेली, कुठल्या दिशेला, असे. त्याने तीन नोंदींवरून अंदाज बांधला, बाकीच्या नोंदींशी ताडला, सुधारला. इतर विद्वानांचे अंदाज बरेच दूर गेले. गाउसने सांगितलेल्या जागेजवळच ३१ डिसेंबर १८०१ च्या रात्री सेरेस सापडला.

१८०९ च्या ग्रंथात त्याने चुकांचा हिशेब कसा करायचा, तेही सांगितलं. गणिताने आलेलं आणि प्रत्यक्ष दिसलेलं यांतल्या प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा. त्यांची बेरीज सगळ्यात कमी येईल, असे आकडे निवडायचे. म्हणजे दुप्पट चुकीला चौपट दंड! फ्रान्सच्या लजांद्रने ही रीत १८०५ मध्येच छापली होती, त्यावरून वादही झाला. मोबाइल तुमची जागा दाखवतो, तेव्हा उपग्रहांच्या थोड्या चुकलेल्या मोजमापांतून असंच उत्तर काढतो.

आई शेवटची २२ वर्षं गाउसच्याच घरी होती. दृष्टी गेली होती. १८३९ मध्ये, नव्वदी कधीच ओलांडून, ती गेली. तिला तारीख लिहिता आली नाही, पण जेवढं सांगितलं तेवढं पक्कं होतं.

घरातल्या आजीला असाच एखादा वार, एखादा सण आठवत असेल, तर आजच विचारून लिहून ठेवा. तारीख नंतर काढता येते.