तार आणि सलाईन

आमच्या गावात तार आली की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग ती वाचून दाखवणारा कोणी सापडतो का ते बघायच्या. तारेतून चांगली बातमी येत नसते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. १९७३ च्या मे महिन्यात तशी एक तार आमच्याच घरातून गेली.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो आम्ही खरा भोगला त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. केज तालुक्यातल्या आमच्या गावात एकाच विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी उरलं होतं. माणसं तेच पीत, जनावरं तेच पीत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आधी आमची आत्या आजारी पडली. माहेरपणाला आलेली, वय वीस-बावीस. उलट्या आणि जुलाब थांबेनात. कोणी मरीआईचं नाव काढलं, लिंबू उतरवून टाकलं. पाणी दिलं की उलटी होते, म्हणून पाणी तोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिचे दिवस चालू असतानाच चौथ्या दिवशी आईला तेच सुरू झालं. या वेळी आजोबांनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांनी गाडी जुंपली, आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आणि पोस्टात जाऊन वडिलांना तार केली. वडील शिक्षक होते, आणि तेव्हा प्रशिक्षणासाठी औरंगाबादला गेले होते.

दवाखान्यातलं मला नीट आठवतं. डॉक्टरांनी आईच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती घडी तशीच उभी राहिली. हाताची शीर सापडेना. शेवटी घोट्याजवळ छेद देऊन त्यांनी शीर उघडली आणि काचेच्या बाटलीची रबरी नळी तिला जोडली. बाटलीत पाण्यासारखं पाणी होतं. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. मला वाटलं, शेवटचं गंगाजल देतात तसलंच काहीतरी असेल. एक बाटली संपली, दुसरी लागली. तिसरी चालू असताना आईनं डोळे उघडले आणि मी जेवलो का ते विचारलं. अशा सहा-सात बाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तारेचा कागद मुठीत धरून वडील एसटीतून उतरले, तेव्हा ती भिंतीला टेकून पेज पीत होती.

पुढं १९८४ साली मी बँकेत लागलो. त्या काळात पैसे तातडीनं पाठवायचे तर टी. टी., म्हणजे तारेनं पैसे. संकेताचे आकडे जुळवायचे, ताळा बघायचा आणि मगच रक्कम द्यायची. परळी, धारूर, माजलगाव अशा शाखांमधून मी हे काम केलं. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, आणि एके दिवशी एका नावाशी थबकलो. वडिलांना मिळालेली तार आणि आईला लागलेली सलाईन, या दोन्हींचा माग काढत गेलं तर तो एकाच माणसापाशी पोचतो. त्याचं नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी.

हा मूळचा आयर्लंडमधल्या लिमरिकचा. १८२९ साली एडिंबरोहून तो डॉक्टर झाला आणि नशीब काढायला लंडनला आला. पण लंडनमध्ये दवाखाना चालवायचा तर तिथल्या वैद्यकमंडळाचा परवाना लागे आणि बाहेरून शिकून आलेल्याला तो सहजी मिळत नसे. तेव्हा रोगी तपासण्याऐवजी त्यानं रसायनं तपासायला घेतली. विषप्रयोगाच्या प्रकरणांत पोटातला ऐवज तपासून द्यायचा, असलं ते काम. परवाना मिळाला असता तर चार पैसे मिळवून तो सुखानं राहिला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं.

१८३१ च्या शरद ऋतूत कॉलरा इंग्लंडच्या संडरलँड बंदरात उतरला. हा रोग गंगेच्या मुखाकडून निघालेला. आपल्याकडे त्याला पटकी म्हणत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी निळा पडून मरे. मोठमोठे डॉक्टर त्यावर काय करत होते? रक्त काढत होते, जुलाब देत होते, अफू देत होते. ज्याच्या अंगातून आधीच सगळं वाहून चाललंय त्याचं आणखी काढून घ्यायचं, असा तो उपचार होता. आमच्या घरात आत्याचं पाणी तोडलं गेलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

ओशॉनेसी तेव्हा बाविशीत होता. तो संडरलँडला गेला आणि त्यानं रोग्यांचं रक्त तपासलं. ते डांबरासारखं घट्ट झालं होतं. त्यातलं पाणी कमी झालं होतं, मीठ आणि सोड्यासारखे क्षारही कमी झाले होते. मग त्यानं रोग्यांच्या जुलाबाचं पाणी तपासलं, तर रक्तातून हरवलेले क्षार तिथं सापडले. बँकेत आम्ही ताळा जुळवतो, तसाच हा ताळा होता. एका खात्यातून जेवढं गेलं तेवढं दुसऱ्या खात्यात दिसलं. मग इलाज उघड होता. जे गेलं ते परत भरायचं, आणि पोटात काही टिकत नसेल तर थेट शिरेतून भरायचं. डिसेंबर १८३१ मध्ये त्यानं हे लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाला लिहून कळवलं आणि पुढच्या वर्षी सविस्तर अहवाल छापला. कुत्र्यांवर त्यानं प्रयोग केले होते, पण माणसावर इलाज करून पाहण्याची संधी त्याला मिळाली नाही.

ती घेतली थॉमस लॅटा या स्कॉटिश डॉक्टरनं. मे १८३२ मध्ये, एडिंबरोजवळच्या लीथ इथे. त्याच्यापुढची पहिली रोगी एक वृद्ध बाई होती. नाडी लागत नव्हती. लॅटानं तिच्या शिरेत हळूहळू क्षारांचं पाणी सोडलं, सगळं मिळून तीन लिटरांहून अधिक. बाईचे डोळे उघडले, अंगात ऊब आली, ती बोलू लागली. धोका टळला असं समजून लॅटा तिला दुसऱ्यावर सोपवून गेला. तिचे जुलाब पुन्हा सुरू झाले, पण पाणी पुन्हा दिलं गेलं नाही. साडेपाच तासांत ती गेली. या इलाजाची मोठी गोम यातच आहे. गळती चालू आहे तोवर भरणाही चालू राहिला पाहिजे. नंतरच्या काही रोग्यांना लॅटानं वाचवलं, पण पुढच्याच वर्षी तो स्वतः क्षयानं वारला. त्या काळी जंतूंची कल्पना नव्हती, पाणी निर्जंतुक नसे आणि सर्व उपाय थकल्यावरच रोग्याला हा इलाज मिळे. साथ ओसरली तसा तो विसरला गेला. तो पुन्हा नीट रुजायला पाऊणशे वर्षं गेली.

ओशॉनेसी मात्र १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत साहाय्यक शल्यवैद्य म्हणून कलकत्त्याला आला. म्हणजे कॉलऱ्याच्या माहेरीच आला म्हणायचा. १८३५ साली निघालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवू लागला. इथल्या वैद्य-हकिमांकडून त्यानं देशी औषधं समजून घेतली आणि त्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. गांजाच्या औषधी गुणांवरचा त्याचा १८३९ चा निबंध पाश्चात्य वैद्यकात गाजला. धनुर्वातानं आकडी येणाऱ्या रोग्यांना त्यानं आराम पडतो हे त्यानं दाखवलं, आणि ज्यांना बरं करता येत नाही त्यांना निदान यातना तरी कमी व्हाव्यात, हाही विचार त्यात होता.

त्याच १८३९ साली त्यानं कलकत्त्याजवळ बांबूंवर मैलोगणती तार ताणली आणि तिच्यातून विजेनं खुणा पाठवल्या. निरोप घेणाऱ्याच्या बोटांना बारीक झटके बसत आणि त्यावरून अक्षर ओळखायचं. सरकारनं लक्ष दिलं नाही. तो इंग्लंडला जाऊन आला, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, परतल्यावर कलकत्त्याच्या टाकसाळीत काम करू लागला. पुढं लॉर्ड डलहौसीनं त्याला हाताशी धरलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली. टाकसाळीतला शिवचंद्र नंदी हा बंगाली तरुण त्याचा उजवा हात होता. इथल्या तारा जाड सळईच्या केल्या, कारण त्यांवर घारी बसणार आणि माकडं झोके घेणार, हे ओशॉनेसीनं आधीच ओळखलं होतं. नोव्हेंबर १८५३ मध्ये काम सुरू झालं आणि मार्च १८५४ मध्ये आग्र्याचा निरोप आठशे मैलांवरच्या कलकत्त्याला पोचला. मग तार इंदूरमार्गे मुंबईला आली. १८५५ पासून ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली.

ही तार काही रयतेच्या कळवळ्यानं घातलेली नव्हती. १८५७ च्या उठावात ती कंपनी सरकारच्या कामी आली. उठाव करणाऱ्यांनी खांब उपटले, तारा तोडल्या, ते उगीच नव्हे. एकाच माणसाच्या हातून जीव वाचवणारी विद्याही झाली आणि सत्तेचा हातही लांब झाला. १८५६ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. १८६० मध्ये त्यानं हिंदुस्थान सोडला, पुढच्या वर्षी आडनाव बदलून ब्रूक असं केलं आणि तो जणू नाहीसाच झाला. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथसी इथे तो वारला. ज्या इलाजाची वाट त्यानं बाविशीत दाखवली, तो इलाज रुग्णालयांत रुळलेला त्यानं पाहिला नाही.

पुढची कामगिरी इतरांनी केली. सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकात दाखवलं की नुसतं मीठ पुरत नाही, हृदय चालायला कॅल्शियम आणि पोटॅशियमही लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याच्या रोग्यांना शिरेतून क्षारजल देऊन मृत्यू पुष्कळ कमी केले. १९३२ साली अमेरिकेत अलेक्सिस हार्टमन यांनी रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट मिसळलं. यकृत त्याचं रूपांतर करतं आणि रक्तातली आम्लता उतरते. आज अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा कुठल्याही लहान दवाखान्यात आर. एल. म्हणून जी बाटली टांगतात, ती हीच.

एक लिटर सलाईनमध्ये मीठ असतं फक्त नऊ ग्रॅम. हे प्रमाण महत्त्वाचं. नुसतं साधं पाणी शिरेत गेलं तर रक्तपेशी फुगून फुटतील. क्षार बरोबर असले की पाणी रक्तात टिकतं, रक्तदाब सावरतो, मूत्रपिंडांना रक्त पोचतं, लघवी सुरू होते. पाणी फार आटलेल्या रोग्याला किलोमागे शंभर मिलिलिटर द्यायचं असतं. माझी आई जेमतेम चाळीस किलोची होती. म्हणजे चार लिटर, आणि त्यातलं सव्वा लिटरच्या आसपास पहिल्या अर्ध्या तासात. उपचार न झालेल्या तीव्र कॉलऱ्यात निम्म्याहून अधिक माणसं दगावू शकतात. हा भरणा वेळेवर झाला तर शंभरात एकही दगावत नाही. भाजलेल्यांना, शस्त्रक्रिया झालेल्यांना, डेंग्यूच्या गंभीर रोग्यांनाही हाच आधार.

पण आपल्याकडे सलाईनची एक खुळी हौसही आहे. अशक्तपणा वाटला की लाव सलाईन! लिटरभर मिठाच्या सलाईनमध्ये ताकदीचा कणही नसतो. ग्लुकोजच्या साध्या लिटरमध्ये साखर असते पन्नास ग्रॅम. भाकरी आणि वरण त्याहून स्वस्त आणि पौष्टिक. शिवाय हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याला हे पाणी जास्त झालं तर ते फुप्फुसांत उतरतं.

आणि बाटलीपर्यंत पोचायची वेळ बहुतेकदा येऊही नये. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मिसळलेलं पाणी तोंडानं पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तिशीवरून चाराच्याही खाली आलं. म्हणजे आमच्या आत्याच्या दोन वर्षं आधी हे सिद्ध झालं होतं. ओआरएसचं पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यात मिसळावं. पाकीट नसेल तर तेवढ्याच पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट पाजत राहावं. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, रोगी गुंगीत गेला किंवा पिऊच शकेना, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, कोपीत राहतात, मिळेल ते पाणी पितात. त्यांच्या पेटीत दोन-चार पाकिटं असावीत, असं मी ओळखीच्या प्रत्येक टोळीला सांगतो.

जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. वडिलांच्या मुठीतला तो कागद आईनं ट्रंकेत जपून ठेवला होता. मागच्या वर्षी तिला सलाईन लावावी लागली. आता ती ऐंशीच्या पुढे आहे. थेंब पडताना ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग आत्याचं नाव घेऊन म्हणाली की आपण हिलाही तेव्हा गाडीत घालायला हवं होतं. मी काही बोललो नाही. चार दिवसांचाच फरक होता. तार अजून ट्रंकेत आहे. आत्याचा मात्र एकही फोटो आमच्याकडे नाही.