एलिझाबेथ झिमरमन

एलिझाबेथ झिमरमन (जन्म : ९ ऑगस्ट १९१०, लंडन, मृत्यू : ३० नोव्हेंबर १९९९, विस्कॉन्सिन) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकन विणकाम-शिक्षिका, लेखिका आणि लोकरीच्या कपड्यांच्या नमुनाकार होत्या. स्वेटर चार तुकड्यांत विणून शिवण्याऐवजी गोल सुईवर अखंड विणावा आणि त्याचे माप छापील सूचनांवरून न घेता विणणाऱ्याच्या स्वतःच्या टाक्यांवरून काढावे, या दोन गोष्टींचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला.

जीवन

एलिझाबेथ यांचे माहेरचे आडनाव लॉइड-जोन्स. वडील ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. इंग्लिश पद्धतीचे विणकाम, म्हणजे लोकर उजव्या हातात धरून ती सुईवर टाकण्याची रीत, त्या लहानपणी घरातच शिकल्या. लोकर डाव्या हातात धरण्याची जर्मन रीतही त्यांनी लवकरच आत्मसात केली आणि पुढे तीच कायम ठेवली. या रीतीत हाताची हालचाल कमी होते व वेग वाढतो, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीशी असलेल्या संबंधामुळे ही रीत इंग्लंड-अमेरिकेत मागे पडली होती. ती अमेरिकेत पुन्हा रुजवण्याचे बरेचसे श्रेय झिमरमन यांना दिले जाते.

त्यांचे कलाशिक्षण स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आणि नंतर म्यूनिकच्या कला अकादमीत झाले. म्यूनिकमध्ये त्यांची आर्नोल्ड झिमरमन यांच्याशी ओळख झाली. आर्नोल्ड हे बिअर बनवण्याच्या धंद्यातील प्रशिक्षित तज्ज्ञ होते. हिटलरविषयी अनादराने बोलल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली. १९३७ साली दोघांचा इंग्लंडमध्ये विवाह झाला आणि ती दोघे अमेरिकेत गेली. पुढे हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावले. त्यांना तीन अपत्ये झाली. मुलांचे संगोपन करत असतानाच एलिझाबेथ मासिकांसाठी नमुने तयार करू लागल्या.

नमुन्यांवरून झालेला मतभेद

त्या काळी अमेरिकेत विणकामाचे नमुने मुख्यतः लोकर विकणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांतून आणि महिलांच्या मासिकांतून येत. पाठ, पोट आणि दोन बाह्या हे भाग दोन सरळ सुयांवर वेगवेगळे विणायचे व शेवटी शिवायचे, असा त्यांचा ठरलेला साचा असे. किती टाके घालायचे आणि कोणत्या ओळीत काय करायचे, हे सर्व छापलेले असे. विणणाऱ्या व्यक्तीचा हात नमुनाकाराच्या हातापेक्षा सैल किंवा घट्ट असेल, तर सूचना तंतोतंत पाळूनही स्वेटर अंगाला बसत नसे. याचा दोष बहुधा ती व्यक्ती स्वतःकडेच घेई.

झिमरमन यांनी खांद्याभोवती रंगीत नक्षी असलेला एक स्वेटर गोल सुईवर विणून एका मासिकाला दिला. मासिकाने तो स्वीकारला, मात्र त्याच्या सूचना बदलून सरळ सुयांसाठी लिहिल्या. ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नव्हती. सपाट विणताना एक ओळ सुलट बाजूने आणि दुसरी उलट बाजूने विणावी लागते. त्यामुळे दोन रंगांची नक्षी निम्म्या ओळींत मागच्या बाजूने वाचावी लागते. गोल विणताना सुलट बाजू सतत डोळ्यांसमोर राहते, सर्व टाके सुलटच पडतात आणि चूक तत्काळ दिसते. नमुन्यातला जो भाग सर्वांत सोपा होता, तोच या बदलाने अवघड झाला.

यानंतर झिमरमन यांनी आपले नमुने स्वतःच छापण्याचे ठरवले. १९५८ साली त्यांनी टपालाने पाठवायचे छोटे पत्रक सुरू केले. त्यात नमुन्याबरोबर त्यामागचे कारणही समजावलेले असे. पुढील वर्षी त्यांनी ‘स्कूलहाउस प्रेस’ ही संस्था स्थापन केली. लोकर, गोल सुया आणि पुस्तके विकणाऱ्या या संस्थेचे नाव त्यांच्या घरावरून पडले. ते घर म्हणजे पूर्वीची गावातली शाळा होती. १९६९पासून पत्रकाची जागा ‘वूल गॅदरिंग’ या नियतकालिकाने घेतली.

टक्केवारीची पद्धत

‘एलिझाबेथची टक्केवारी पद्धत’ ही झिमरमन यांची सर्वांत महत्त्वाची देणगी होय. यात प्रथम आपल्या हाताने एका इंचात किती टाके बसतात हे मोजायचे. गोल वीण सपाट विणीपेक्षा थोडी वेगळी पडते, म्हणून नमुन्याचा तुकडा विणण्यापेक्षा टोपी विणून मोजावे, असे त्या सुचवत. टोपी वाया जात नाही, हा त्यातला जादा फायदा. इंचातील टाक्यांना छातीच्या घेराने गुणले की मूळ संख्या मिळते. ती १०० टक्के धरून बाकी सर्व मापे तिच्यावरून निघतात.

उदाहरणार्थ, इंचाला ५ टाके आणि घेर ४० इंच असेल तर मूळ संख्या २०० होते. मनगटाला तिचे २० टक्के, म्हणजे ४० टाके लागतात. दंडाला सुमारे एकतृतीयांश, म्हणजे ६६. काखेत ८ टक्के, म्हणजे १६ टाके बाजूला ठेवायचे आणि गळ्याला ४० टक्के, म्हणजे ८० टाके उरले पाहिजेत. अंग आणि दोन बाह्या एकाच सुईवर आणल्या की ३३२ टाके होतात. दोन्ही काखांत अंगाचे व बाह्यांचे मिळून ६४ टाके वगळल्यावर २६८ उरतात. मग खांद्याभोवतीच्या भागात तीन फेऱ्यांत टाके कमी करायचे : पहिल्या वेळी दर चार टाक्यांचे तीन, दुसऱ्या वेळी दर तिनांचे दोन, तिसऱ्या वेळी दर पाचांचे तीन. त्यामुळे २६८चे २०१, त्यांचे १३४ आणि शेवटी सुमारे ८० टाके राहतात, म्हणजे गळ्याला हवे तेवढेच. जाड लोकर असो वा बारीक, मूल असो वा प्रौढ, हिशेब बदलत नाही. आजही अनेक नमुनाकार स्वेटर आखताना या प्रमाणांपासून सुरुवात करतात.

समोरून उघडा स्वेटर हवा असला तरी त्या आधी बंद नळीच विणत. मग मधल्या टाक्यांच्या दोन्ही बाजूंना यंत्राने शिवण घालून ती कात्रीने कापत. स्कँडिनेव्हियात ही रीत जुनी आहे, परंतु विणलेली लोकर कापण्याची कल्पना अमेरिकन वाचकांना धक्कादायक वाटे. कापलेला काठ उसवत नाही, हे त्या प्रत्यक्ष करून दाखवत.

इतर नमुने

१९६८ साली त्यांनी बाळाचे ‘सरप्राइज जॅकेट’ तयार केले. ते एकाच सपाट तुकड्यात विणले जाते आणि सुईवर असताना त्याला कपड्याचा कोणताही ओळखीचा आकार नसतो. घडी घालून खांद्यांवर दोन शिवणी घातल्या की त्याचे झबले होते. त्यांच्या सर्व नमुन्यांत हा बहुधा सर्वांत जास्त विणला गेलेला आहे.

‘पाय शाल’मध्ये भूमितीचा सरळ उपयोग केलेला आहे. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. त्यामुळे मध्यातील ९ टाक्यांपासून सुरुवात करून, दर वेळी फेऱ्यांची संख्या दुप्पट झाल्यावर टाके एकदम दुप्पट केले जातात : १८, ३६, ७२, १४४ याप्रमाणे. दोन वाढींच्या मधल्या फेऱ्यांत टाक्यांची संख्या बदलत नसल्याने तेथे हवी ती जाळी घालता येते. कपड्यांच्या काठाला लावायच्या विणलेल्या गोल दोरीचे ‘आय-कॉर्ड’ हे नावही झिमरमन यांनीच रूढ केले.

अशा युक्त्यांना त्या स्वतःचा शोध म्हणत नसत. दोन सुया आणि एक धागा यांतून जे निघते ते पूर्वी कोणाला तरी सापडले असणारच, अशी त्यांची धारणा होती. त्यासाठी त्यांनी इंग्रजीत ‘अन्व्हेन्ट’ असे एक क्रियापद घडवले. लोकांनी आपले नमुने जसेच्या तसे न विणता बदलावेत, याचाही त्या आग्रह धरत.

ग्रंथ व अध्यापन

‘निटिंग विदाउट टिअर्स’ (१९७१) हे त्यांचे पहिले आणि सर्वाधिक परिचित पुस्तक. ‘निटर्स ऑल्मनॅक’ (१९७४) मध्ये वर्षाच्या प्रत्येक महिन्यासाठी एक प्रकरण आहे, आणि पाय शाल जुलैमध्ये येते, कारण उन्हाळ्यातील प्रवासात विचार न करता विणता येईल असे काम हवे. त्यानंतर ‘निटिंग वर्कशॉप’ (१९८१) आणि आत्मचरित्राचा अंश असलेले ‘निटिंग अराउंड’ (१९८९) ही पुस्तके आली. त्यांची भाषा गप्पांच्या वळणाची असल्याने ओळीनुसार सूचना शोधणाऱ्या नवशिक्याला ती प्रथम गोंधळात टाकते.

अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर १९६०च्या दशकात त्यांची ‘द बिझी निटर’ ही मालिका प्रसारित झाली. १९७४पासून विस्कॉन्सिनमध्ये त्यांचे उन्हाळी विणकाम शिबिर भरू लागले. हे शिबिर आणि स्कूलहाउस प्रेस यांचे काम पुढे त्यांची कन्या मेग स्वान्सन यांनी सांभाळले. मृत्यूनंतर १९५८ ते १९६८ या काळातील पत्रकांचा संग्रह ‘दि ओपिनिअनेटेड निटर’ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि २००६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील कलादालनात त्यांच्या कामावर प्रदर्शन भरवण्यात आले.