सासऱ्याच्या राजवटीत जावयाला गोळ्या घातल्या, पण त्याची डायरी मात्र सीमेपार निसटली

गालेआत्सो चियानो हा मुसोलिनीचा जावई. १९३० साली हुकूमशहाची मुलगी एड्डा हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, गडी इटलीचा परराष्ट्रमंत्री झाला. वशिला कोणाचा, हे सांगायला नको.

चियानोला एक सवय होती. दिवसभरात कोण भेटलं, सासरा काय बोलला, बर्लिनहून काय निरोप आला, सगळं तो डायरीत उतरवायचा.

मे १९३९ मध्ये जर्मनीसोबतच्या पोलादी करारावर त्यानेच सही केली. ऑगस्टमध्ये तो साल्झबर्गजवळ जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला भेटला, तेव्हा त्याला कळून चुकलं की जर्मनीला पोलंडशी तडजोड नकोय, युद्धच हवंय. इटलीची तर तयारीच नव्हती. तो चिडून परतला, सासऱ्याच्या मागे लागला आणि सप्टेंबरमध्ये युद्ध पेटलं तेव्हा इटली बाहेर राहिली.

पण फ्रान्स कोसळताना दिसला आणि मुसोलिनीला राहवेना. १० जून १९४० रोजी फ्रान्स आणि ब्रिटनच्या राजदूतांना युद्धाची घोषणा कळवायचं काम चियानोकडेच आलं. राजीनामा? तो काही त्याने दिला नाही. उलट ऑक्टोबरमध्ये ग्रीसवर हल्ला करायला तोच उतावीळ होता. ग्रीकांनी इटलीच्या फौजा उलट अल्बानियात रेटल्या. डायरी वाचून त्याला शहाणा ठरवण्याआधी हे आठवलेलं बरं.

फेब्रुवारी १९४३ मध्ये मंत्रिपद गेलं. २५ जुलैच्या पहाटे फॅसिस्ट महापरिषदेत १९ जणांनी मुसोलिनीविरुद्ध मत दिलं, त्यात जावईही होता. मुसोलिनीला अटक झाली. चियानो मात्र ऑगस्टमध्ये जर्मनीत पळाला आणि तिथेच अडकला. कारण सप्टेंबरमध्ये जर्मनांनी मुसोलिनीला सोडवून उत्तर इटलीत पुन्हा गादीवर बसवलं आणि जावयाला त्याच्या हवाली केलं.

आता हुकमाचा पत्ता एकच होता, डायरी. ती द्या आणि चियानोला सोडवा, असा सौदा जर्मनांशी जमतही आला होता. हिटलरने तो मोडला. मग एड्डा डायरीच्या वह्या कपड्यांच्या आत बांधून ९ जानेवारी १९४४ रोजी स्वित्झर्लंडमध्ये शिरली. नवऱ्याला सोडा, नाहीतर सगळं छापते, अशी धमकीची पत्रं तिने हिटलरला आणि खुद्द वडिलांना धाडली होती.

उपयोग झाला नाही. दयेचे अर्ज मुसोलिनीपर्यंत पोहोचूच दिले गेले नाहीत आणि त्यानेही स्वतःहून हालचाल केली नाही. ११ जानेवारीला वेरोनात चियानोसह पाच जणांना खुर्च्यांना बांधून पाठीत गोळ्या घालण्यात आल्या. शेवटच्या क्षणी चियानोने मान वळवून बंदुकांकडे पाहिलं.

ती डायरी पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून आली. ऑक्टोबर १९४६ मध्ये रिबेनट्रॉप फासावर गेला. एड्डा १९९५ पर्यंत जगली.