रुडॉल्फ डीझेल

रुडॉल्फ डीझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि या कुटुंबास पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबुर्ग येथे आप्तांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिक येथे शिकत असता त्यांच्या ध्यानी आले, की वाफेच्या यंत्रात इंधनाची बहुतेक उष्णता वाया जाते. ही नासाडी थांबविण्याचा त्यांनी निश्चय केला.

हवा जोराने दाबली म्हणजे तापते. अशा तप्त हवेत तेलाचा फवारा सोडल्यास ते ठिणगीवाचून पेट घेईल, अशी त्यांची कल्पना होती. १८९३ साली चाचणीच्या वेळी स्फोट झाला; परंतु ते डगमगले नाहीत. १८९७ साली यंत्र सिद्ध झाले. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात तसे एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले.

कीर्ती लाभली, पण प्रकृती खालावली व संपत्तीही गेली. १९१३ साली इंग्लंडला जाताना समुद्रात त्यांचा अंत झाला.

पुढे याच तत्त्वावर लष्करी मालमोटारींसाठी डीझेल, रॉकेल व पेट्रोल अशा अनेक इंधनांवर चालणारी यंत्रे निघाली. युद्धामुळे ज्या बालकाचे घर सुटले, त्याच्याच नावाचे यंत्र सैन्याच्या गाड्या ओढू लागले!