फॅनी लू हेमर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तेथील नदीकाठची जमीन कसदार; कापूस तर उदंड पिकतो. या राज्यात ६ ऑक्टोबर १९१७ रोजी एका कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरी फॅनी लू हिचा जन्म झाला. भावंडांत ती विसावी. बाप गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीने कसत असे.

फॅनी सहा वर्षांची असताना मालकाने तिला जवळ बोलावले आणि आठवड्यात तीस पौंड कापूस वेचल्यास दुकानातला खाऊ देण्याचे आमिष दाखविले. पोरीने हौसेने कापूस वेचला. पुढच्या आठवड्यात साठ पौंडांची मागणी आली. तो खाऊ फारच महाग पडला. वेचणी मग तिच्या मागची सुटलीच नाही. शाळा वर्षातून जेमतेम चार महिने असे. बाराव्या वर्षी तीही संपली.

पुढे पेरी हेमर यांच्याशी तिचा विवाह झाला. लिहितावाचता येत असल्यामुळे हेमरबाई मळ्यावर मजुरांचा हिशेब ठेवू लागल्या. वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटली, तरी आपणांस मत देता येते हे त्यांना ठाऊकच नव्हते! वस्तुतः देशाच्या घटनेने हा हक्क कृष्णवर्णीय पुरुषांना १८७० मध्ये व स्त्रियांना १९२० मध्ये दिला होता. पण मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदवावयाचे, तर परीक्षा द्यावी लागे, मतदानासाठी कर भरावा लागे, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी.

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिल गावच्या चर्चमध्ये तरुण कार्यकर्त्यांची सभा झाली. तेथे ही गोष्ट बाईंच्या कानी आली. ३१ ऑगस्ट रोजी सतरा सोबत्यांसह त्या एका जुन्या बसने इंडियानोला येथील कचेरीत गेल्या. राज्याच्या घटनेतील एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहावयाचा होता. वकिलानेही अडखळावे असे ते कलम! बाई नापास झाल्या. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडविली. बसचा रंग फार पिवळा, हा चालकाचा गुन्हा! सर्वांनी पैसे गोळा करून दंड भरला. सोबती भेदरून गेले होते. तेव्हा बाईंनी आपल्या भरदार आवाजात भजने म्हणून त्यांना धीर दिला.

घरी निराळेच संकट उभे होते. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे मालकाने बजाविले. अठरा वर्षांची चाकरी होती. पण बाईंनी अर्ज मागे घेतला नाही. त्याच रात्री त्या घराबाहेर पडल्या. काही दिवसांनी, ज्या घरी त्यांना आसरा मिळाला होता त्या घरावर गोळ्या झाडण्यात आल्या. तरीही जानेवारी १९६३ मध्ये त्या पुन्हा परीक्षेस बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. जून महिन्यात विनोना येथील तुरुंगात त्यांना इतकी मारहाण झाली, की डोळा व मूत्रपिंड यांची इजा जन्मभर राहिली.

मिसिसिपीतील डेमोक्रॅटिक पक्षात कृष्णवर्णीयांना थारा नव्हता. म्हणून १९६४ मध्ये बाईंनी व सहकाऱ्यांनी निराळा पक्ष काढला. अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा समितीपुढे त्यांनी आपली हकीकत सांगितली. दूरचित्रवाणीवर ती चालू असतानाच अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने वार्ताहरांना बोलाविले, त्यामुळे प्रक्षेपण मध्येच तुटले. पण रात्री ती हकीकत देशभर दाखविली गेली. साठांहून अधिक प्रतिनिधींना मिळून दोन जागा देऊ केल्या गेल्या. त्या बाईंनी नाकारल्या.

१९६५ मध्ये मतदानहक्काचा कायदा झाला आणि परीक्षेची अट सुटली. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात हेमरबाई मिसिसिपीच्या प्रतिनिधी म्हणून आपल्या जागी जाऊन बसल्या, तेव्हा सभागृह उठून उभे राहिले.

निवडणुकीत मात्र यश आले नाही. १९७१ मध्ये राज्याच्या सिनेटसाठीही त्या पराभूत झाल्या. मताइतकीच भाकरीचीही चिंता त्यांना होती. त्यांनी सहकारी शेती उभारली. गरीब कुटुंबांना एकेक डुकरीण द्यावयाची व तिला पिले झाली की दोन परत घ्यावयाची, ती पुढच्या घरासाठी, अशी योजना त्यांनी चालविली. १४ मार्च १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या रूलव्हिल गावातून ती जुनी बस निघाली होती, तेथेच त्यांची समाधी आहे.